हिरड्याची शाई

भूपेशच्या घरी मी भांडायलाच गेले होते. उगाच खोटं कशाला बोलू?

वडसा स्टेशनच्या मागे, भाताच्या गिरणीला लागून त्याची खोली. दुपारचे दोन वाजले होते, गिरणी धडधडत होती, दारात कोंड्याचा थर साचला होता. माझ्या पिशवीत एक भिंग होतं आणि नागपूरच्या एका प्रदर्शनातून तणतणत काढून आणलेलं चित्र. खाली सही माझ्या बाबांची. चित्र त्यांचं नाही.

बाबा, म्हणजे देवाजी, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. भूपेश त्यांचा चेला. तेरवीला माझ्या हातचं जेवला आणि जाताना खाक्यांची पेटी उचलून घेऊन गेला. मला ते आत्ता कळलं.

खाका म्हणजे रेघांवर सुईनं भोकं पाडलेला कागद. तो पडद्यावर किंवा चित्राच्या कागदावर धरायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची, खाली ठिपक्यांचं चित्र उमटतं. मग ठिपक्यांवरून हिरड्याच्या शाईनं रेघ ओढायची. डोळ्यांना मात्र बाबा कधीच सुई लावत नसत. "डोळा टोचला का चित्र आंधळं होते," म्हणायचे. डोळे शेवटी, नारळ फोडून, नुसत्या हातानं. जित्या माणसाचे उघडे. कुणी गेलेल्या माणसाचं चित्र काढायला बोलावलं, तरच मिटलेले.

माझंही चित्र त्यांनी काढायला घेतलं होतं. वेणी, नाक, ओठ, सगळं झालं. डोळे राहिले आणि ते गेले. ते चित्र माझ्या स्वयंपाकघरात आहे. रोज पोळ्या लाटताना डोळ्यांच्या त्या कोऱ्या जागा समोर येतात.

"काऊन रे, लाज नाई वाटली?" मी दारातच तोंड सोडलं. "माझ्या बापाच्या सहीनं धंदा मांडला?"

तो नाही म्हणाला असता तर मी त्याला एक ठेवून दिली असती. पण तो मटकन खाली बसला.

"मीच केलं, ताई. देवाजीभाऊच्याच खाक्यावरून. जुना कागद घेतला, चहात भिजवला, धगीवर वाळवला."

"अन् डोळे?"

मला तेच डाचत होतं. भिंगाखाली प्रत्येक रेघेच्या तळाशी कोळशाचे ठिपके होते, डोळ्यांखाली एकही नव्हता. बाकी रेघा उजव्या हाताच्या, पण डोळ्यांभोवतीच्या सावलीच्या रेघा उलट्या झुकलेल्या, डावखुऱ्या हाताच्या. बाबा डावखुरे होते. भूपेश उजवा.

"डोळे मी नाई काढले."

"तर काय तुह्या बायकोनं काढले?"

"हिंमतच नाई झाली, ताई. मी कोरेच ठेवतो. घंटाभरानं पाह्यलं का डोळे असतात." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मले वाटलं, भाऊले पसंत हाय."

पसंत! माझं डोकंच फिरलं.

त्यानं मेजाकडे बोट दाखवलं. तिथे एका राणीचं चित्र होतं, परवा काढलेलं. हिरड्याची शाई लावताना फिकट असते, पुरती काळी व्हायला एक दिवस घेते. राणीची नथ, बोटं, पदर, सगळं कुळकुळीत काळं झालेलं. डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

भिंग काढायला मी पिशवीत हात घातला.

वर बघितलं तर राणी माझ्याकडे बघत होती.

डोळे फिकट होते. मी पुढे होऊन बोट लावलं. बोटाला शाई लागली.

तोवर दार मी अडवून उभी होते. भूपेश जमिनीवर होता. दौतीला बूच होतं.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला, बाबांचाच.

"वा रे वा, बाबा!" मी खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून ओरडले. "या चोट्ट्याच्या राणीले डोळे, अन् पोटच्या पोरीले नाई? नऊ वर्षं झाले, वाट पाहून राह्यली मी! माहे काढा आधी. आजच काढा!"

"ताई, असं नोको बोलू," भूपेश हळूच म्हणाला.

बाहेर गिरणी बंद पडली होती.

मी खाक्यांची पेटी उचलली आणि निघाले. रस्ताभर रडत होते, शिव्या घालत होते. घराचं कुलूप मीच लावलं होतं, मीच उघडलं. चपला न काढता स्वयंपाकघरात गेले.

चित्राला डोळे होते.

सावलीच्या त्या उलट्या रेघा पाहून मला हुंदकाच आला. "बाबा," म्हटलं, "केलं ना शेवटी."

मग जवळ गेले.

बुबुळं नव्हती. दोन पापण्या होत्या, खाली टेकलेल्या, नीट मिटलेल्या.

ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. कागद फाटायला आला, रेघ हलली नाही.

शाई अजून फिकट आहे. पुरती काळी व्हायला उद्याची दुपार होईल.