वाटूर फाट्यावरचा हंगेरियन

"एक प्लेट पोहे आणि एक चहा, एवढ्यात समोरचा माणूस आपलासा करून दाखवते! कितीबी कडू असू द्या..."

सुवार्तानं पुण्याहून आलेल्या मॅडमना हे ठणकावून सांगितलं आणि तिथंच फसली. मॅडमच्या संस्थेतर्फे हंगेरीतल्या एका विद्यापीठात जायला कुणीतरी पाहिजे होतं. वर्षभर तिथं राहायचं, पोरापोरींशी दोस्ती करायची, येशूची ओळख सांगायची. शाळेच्या नकाशावर बोट फिरवून जग हिंडलेल्या सुवार्ताला ती जागा पाहिजे म्हणजे पाहिजेच होती.

"मग सराव कर," मॅडम गोड हसल्या. "आपल्या मंडळीतला नको, बाहेरचा विद्यार्थी शोध. महिन्यानं येऊन बघते. जमलं तर तू, नाहीतर नाशिकची मुलगी."

आता वाटूरात हंगेरियन कुठून आणायचा? तिचे पप्पा गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. त्यांनी हंगेरियन विद्यार्थी व्हायला धम्मपालला गाठलं. धम्मपाल एम.एस्सी., परतूरच्या कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवायचा, आणि संध्याकाळी बिलकुल रिकामा.

प्रार्थनाघराच्या ओट्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे स्टूल, स्टुलावर पोहे. थंडीतलं कोवळं ऊन. धम्मपाल इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मान खाली घालून बसला.

"तुमचं नाव?" सुवार्तानं सुरुवात केली.

"इश्तवान."

"अं?"

"हंगेरीत असंच असतंय. रात्री मोबाइलवर बघितलं. इश्तवान अप्पाराव."

तिला हसू फुटलं, पण तिनं ते पदराआड... म्हणजे ओढणीआड दाबलं. मॅडमनी दिलेल्या पुस्तकातला पुढचा प्रश्न विचारला, "तुमच्या मनात शांती आहे का?"

"होती... आता जरा गडबड होऊन राह्यली."

"कशामुळं?"

"तुम्ही असं डोळ्यात बघून इचारता ना — त्याच्यामुळं."

सुवार्तानं घाईघाईनं लिंबू पिळलं. ते पोह्यात पडायच्या ऐवजी त्याच्या चहात पडलं. त्यानं तो फाटलेला चहा एका दमात पिला आणि म्हणाला, "हंगेरीत असाच पितेत."

मंग रोजचंच झालं. कधी तो चिडका विद्यार्थी व्हायचा, कधी घरच्या आठवणीनं रडणारा. रडताना पोहे मात्र बराबर संपवायचा. एकदा ती वैतागली.

"तुमच्यावर काही परिणाम व्हायना का हो?"

"बघा, आमच्या आज्यानं छप्पन्न साली धर्म बदलला, तो चांगला इचार करून. मी काय पोह्यावर बदलू?"

"मग येता कशाला रोज?"

"पोह्यासाठी."

"एवढंच?"

"न्हाई... शेंगदाणे पण असतेत की."

ती रुसली. मंग पुस्तक मिटलं आणि खरं तेच बोलली. होस्टेलात तापानं फणफणली असताना ओळख ना पाळख अशी एक नर्सताई तिच्या उशाशी बसून राहिली होती. कपाळावर हात ठेवून हळू आवाजात प्रार्थना करत होती. "परदेशात एकटं पडलेलं एखादं लेकरू असंलच की. त्याच्या उशाशी कुणीतरी बसायला पाहिजे. म्हणून जायचंय मला."

त्या दिवशी धम्मपालचे पोहे पहिल्यांदाच गार झाले.

इकडं समोर फाट्यावर मोसंबीचा गाडा लावणाऱ्या द्वारकाबाईचं लक्ष होतंच. दोन खुर्च्या, मधे पोहे, इस्त्रीचा शर्ट, पोरगी प्रश्न विचारतेय, पोरगा लाजतोय. जालन्यापासून आष्टीपर्यंत याचा एकच अर्थ होतो.

"पोरगी बघायचा कार्यक्रम हाय," त्यांनी गाडीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. "पण महिनाभर बघून राह्यलाय! एक तर पोरीत खोट असंल, न्हाईतर पोराला चष्मा लागला असंल."

परीक्षेचा दिवस आला. मॅडम तिसऱ्या खुर्चीत वही घेऊन बसल्या. सुवार्ता तोंड उघडणार, तोच ओट्यासमोर रिक्षा थांबली. त्यातून धम्मपालचे वडील अप्पाराव उतरले. मागं भावकीतली चार माणसं, हातात पेढे.

"जय भीम, पाळकसाहेब! पोरगं एकटंच पोहे हाणून राह्यलं. आता आम्हाला पण वाढा!"

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"हे... हंगेरीतले पालक," सुवार्ताच्या तोंडून निघून गेलं.

"वा! पालकभेटीचीही तयारी!" मॅडमनी वहीत खूण केली.

अप्पाराव खुर्ची ओढून बसले. "पोरगी पुढं काय करणार?"

"हंगेरीला जाणार," मॅडम कौतुकानं म्हणाल्या.

"हे कुठल्या तालुक्यात आलं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सुवार्ताला वाटलं... गेली हंगेरी! मॅडम धम्मपालकडं वळल्या. "तूच सांग. या भेटींनी तुझ्यात काही बदल झाला?"

तो उठून उभा राहिला. "झाला. धर्म तोच हाय मॅडम, पण मी तो न्हाई. मला ही आवडते. पण हिला जाऊ द्या... हिनं खरंच जायला पाहिजे. मी थांबतो."

सुवार्ताचे कान लालेलाल. पण मान वर. "मी जाणार. आणि वर्षानं परत येणार," ती त्याला म्हणाली. 'तुम्ही' पहिल्यांदाच गळून पडलं. "तवर दुसऱ्या कुणाच्या घरी पोहे खाशील तर बघ!"

"चहा पण न्हाई पिणार..." तो हळूच बोलला. "लिंबाचा."

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "आपलासा करून दाखवते म्हणालीस, आणि स्वतःच त्याची झालीस! जा. खरं बोलणारी पोरगी पाहिजे तिथं."

पप्पांनी अप्पारावांकडं बघितलं, अप्पारावांनी पप्पांकडं.

"तुमचा येशू तुमच्यापाशी, आमचा बुद्ध आमच्यापाशी," अप्पाराव पेढा मोडत म्हणाले. "लग्न रजिस्टर. जेवण मात्र दोन्हीकडचं."

सुवार्ता हंगेरीला पोचली. पहिल्या शुक्रवारी तिनं गावाकडून नेलेल्या पोह्यांचं पातेलं मांडलं. एकच विद्यार्थी आला. तो वाटूरशेजारच्या मंठ्याचा होता. सगळे पोहे खाल्ले, उरलेला कच्चा पुडा मागून घेतला आणि निघून गेला.