शून्याची कात्रणं

"ही चोरी भलतीच चमत्कारिक आहे!" मिरचीने वाचनालयाच्या टेबलावर सहा वर्तमानपत्रं पसरली. "या एकाच फलंदाजाच्या शतकाचा फोटो जागच्या जागी, आणि तो शून्यावर बाद झाल्याची बातमी मात्र कापून नेलेली! सहाही वेळा!"

"चोर येडाच दिसतोय!" तिचा भाऊ ढोल्या खिदळला.

त्यांची मैत्रीण चष्मिस आपली कंपासपेटी जवळ ओढून बसली.

सुट्टीत हे तिघं रोज वाचनालयात पडीक असत. आठवड्यापूर्वी कापलेली पानं सापडली, आणि ग्रंथपालकाकांनी काही न विचारता शिपाईमामांवर आळ घेतला. आज संध्याकाळी मामांकडून किल्ल्या काढून घेणार होते. कायमच्या! म्हणून तर मिरची इरेला पेटली होती.

"चाहता असता तर शतकाचं पान नेलं असतं," ती म्हणाली. "याला त्याचं बाद होणं बघवत नाही. असं कोण बरं..."

चष्मिसचे कान तापले. कात्रणं तिच्याच कंपासपेटीत होती. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण तो एकटा फलंदाज तिला फार आवडायचा, कारण एकदा टीव्हीवर त्याने पडलेल्या गोलंदाजाला हात देऊन उठवलेलं तिने पाहिलं होतं. इथले म्हातारे "पुन्हा भोपळा! आता घरी बस म्हणावं!" असं हसायचे, ते तिला सोसायचं नाही. मामांवर आळ आला तेव्हाही ती याच टेबलाशी बसली होती. तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटत होती.

"तो खेळायला आला की टीव्हीसमोरून उठून कोण जातं गं?" मिरचीने विचारलं, आणि तिची नजर चष्मिसवर येऊन थांबली.

चष्मिसने कंपासपेटी उघडली.

कात्रणं बघून ग्रंथपालकाकांनी आधी मामांची माफी मागितली. मग ते मुलांकडे वळले. "शाब्बास! मला जमलं नाही ते तुम्ही केलंत. आणि चष्मिस, कबूल करायलाही धाडस लागतं हं!"

याच्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते, असं चष्मिसला वाटलं.

"आठ दिवस मी चोर होतो," मामा हळूच म्हणाले. "तू इथंच होतीस ना, बाळ?"

तिने मान हलवली. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या.

मामांनी कपाटातून डिंकाची बाटली आणली. "चल, मी पान धरतो, तू चिकटव. सरळ हं! आकडा नीट दिसला पाहिजे."