घुबडरावाचा शेला

ग्रंथपाल रवळू चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत गेला आणि कप तसाच भरलेला घेऊन परत आला. त्यानं नुसतं खोलीकडं बोट केलं.

आत चित्रकार चंद्रप्पा टेबलाशेजारी पालथे पडले होते. डोक्यामागं रक्त. बाजूला वाचनालय बंद करताना वाजवतात ती पितळी घंटा. उजव्या मुठीत तांबड्या कापडाची चिंधी. आणि ज्या पिशवीसाठी जानेवारी चौऱ्याऐंशीच्या त्या रविवारी सत्तर माणसं निपाणीत गोळा झाली होती, ती टेबलावर रिकामी, उलटी पडलेली.

पिशवीत ‘चित्रकंदील’ मासिकातल्या घुबडरावाच्या गोष्टीचा शेवटचा भाग होता, हातानं काढलेली बारा पानं. चंद्रप्पांनी महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, की या भागात गावातल्या तंबाखूच्या वखारीची आग येणार. आठ वर्षांपूर्वीच्या त्या आगीत तानीबाई नावाची कामकरीण आत गुदमरून मेली होती. बायका तंबाखू लपवून नेतील म्हणून वखारीचं दार बाहेरून लावून घ्यायची रीत होती. त्या दिवशी धूर दिसल्यावरही कडी कोणी काढली नाही. तो माणूस कोण, हे चंद्रप्पा चेहऱ्यासकट दाखवणार होते. आणि चंद्रप्पा मनानं चेहरा काढत नसत. अर्ध्या निपाणीनं त्यांच्या चौकटींत स्वतःला ओळखलं होतं; उरलेली अर्धी ओळखूनही गप्प होती.

चंद्रप्पांना मोटारीत घालून दवाखान्यात हलवलं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. हवालदार यल्लाप्पानं हॉलचं दार लावून घेतलं.

“आत जाताना कोण दिसलं?”

वेश करून आलेल्या वाचकांची नोंद करायला दाराशी वही घेऊन बसलेल्या जयाबाई शाळेत शिकवायच्या. विचारलेल्यापेक्षा जास्त बोलायची त्यांना सवय नव्हती.

“घुबडराव. पाठमोरा. काळा झगा, डोक्यावर पिसं. बोळात उजेड कमी होता.”

“घुबडराव किती आलेत?”

जयाबाईंनी वहीवर बोट फिरवलं. तीन राक्षस, दोन राण्या, एक जादूगार.

“एक,” त्या म्हणाल्या.

सत्तर माणसांनी एकदम मान वळवली, घुबडरावाच्या वेशातल्या परशरामाकडं.

परशराम बेळगावच्या कोर्टात टायपिस्ट होता. सव्वीस वर्षांचा, सडपातळ. साहेबानं नाव घेऊन हाक मारली तरी त्याचे कान तापायचे. पण कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवला, की आतून दुसराच कोणी बोलायचा. दोन महिने कोंबडीची पिसं गोळा करून, आईला जादा कामाची थाप मारून, त्यानं दाराआड हा वेश शिवला होता. दरवर्षी या मेळ्याला वाचक आपापल्या आवडत्या पात्राच्या वेशात येतात, हे त्यानं मासिकात वाचलं होतं. एकटाच आला. ओळखीचं कोणी भेटणार नाही, हाच तर फायदा होता. आता तोच फायदा त्याच्या गळ्याशी आला होता.

सकाळी दाराशी जो तो त्याला चिडवून गेला होता. बक्षिसं वाटायला आलेले वखारमालक नागोजीशेठ म्हणाले, “घुबड दिवसा बाहेर पडलं, आता पाऊस लांबणार.” रवळूनं विचारलं, “पिसं घरच्या कोंबडीची काय शेजारच्या?” वाचनालयाचे अध्यक्ष भावकूअण्णा, एके काळचे त्याच वखारीचे मुकादम, त्यांनी तर खांद्यावर हात टाकला. “लई झ्याक केलाय. शेला तेवढा चुकला बघा पावणं, तांबडा पायजे होता. लाजताय व्हय? मग मागच्या अंगणात आडोशाला बसा. तुमचा नंबर आला की मी हाक मारतो.”

परशराम अर्धा तास आडोशाला बसला. त्याला तिथं कुणी पाहिलं नाही.

“मुखवटा काढ,” यल्लाप्पा म्हणाला. “गाव?”

“बे... बेळगाव.”

“काम काय करतोस?”

कोर्टाचं नाव सांगितलं तर उद्या सकाळी साहेबाच्या टेबलावर फोन वाजणार.

“चंद्रप्पांची वळख?”

“न्हाय.”

“मग त्या वक्ताला कुठं होतास?”

“अंगणात.”

“कुणी बघितलं?”

“कुणी न्हाय.”

“शेला तुझा हिरवा. चिंधी तांबडी. दुसरा कुठं टाकलास?”

“दुसरा न्हायच.”

त्याची ट्रंक उलटी केली. टॉवेल, सुईदोरा, आईनं दिलेली चटणी-भाकरी. शेला नव्हता. यल्लाप्पाला त्यानं फरक पडला नाही. बेडी ठाण्यात राहिली होती, म्हणून त्यानं परशरामाचं मनगट सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलं.

“फौजदारसाहेब चिकोडीहून निघाल्यात. तासाभरात येतील. तवर मी स्टेजमागं होती त्यांना चार गोष्टी इचारून घेतो. नुसतं रीतीपुरतं.”

सुतळी रुतत होती. परशरामानं आजवर कितीतरी आरोपपत्रं टाइप केली होती. आरोपी क्रमांक एक, वय, राहणार. चंद्रप्पा गेले तर कलम बदलेल, एवढंच. आपलं नाव टाइप करायला शेजारच्या टेबलावरचा देवाप्पा बसेल, आणि तो तर नेहमी दोन कार्बन जास्त लावतो. त्याचं डोकं मात्र, घाबरलेल्या माणसाचं चालतं तसं, भलतंच चालत होतं.

मागच्या बोळाकडं जाणारी वाट जयाबाईंच्या समोरून होती. त्या बाजूला चौघेच होते: अंगणात तो, आणि स्टेजमागं नागोजीशेठ, रवळू, भावकूअण्णा.

“शेठ, तुमी कुठं होता?” यल्लाप्पानं विचारलं. आवाज आपोआप मऊ झाला होता.

“खुर्चीत. वाचत होतो.” नागोजींनी कोटाच्या खिशातून गुंडाळलेला ‘चित्रकंदील’ काढला. रंगीत मुखपृष्ठावर घुबडराव झेप घेत होता. “सहा वर्सं माझ्या नावानं टपालानं येतोय. वाचनालयाचा कागद मी हातात धरत न्हाय. गावानं थुंकी लावून पानं उलटल्याली असत्यात.”

“परवा भर बाजारात चंद्रप्पांवर वरडला म्हणं.”

“वरडलो. माझी वखार, माझी बदनामी. वरडणारा माणूस मारत न्हाय हवालदार, त्याचं तिथंच फिटतं.”

“रवळू?”

“मी अंक सोडवत बसलोतो. वर्साचा खंड बांधायचा हाय. कव्हर जाड असतंय, बाइंडरला चालत न्हाय, म्हणून फाडून टाकतो.”

“तवर सुटे अंक बाहेर का ठेवत न्हाईस?”

“एका आठवड्यात चोरीला जात्यात. कपाटात कुलूप लावून ठेवतो.”

“अण्णा, तुमी?”

“मी हार-नारळाचं बघत होतो.” भावकूअण्णा शांतपणे विड्याचं पान जुळवत होते. “मला ह्या सुट्या अंकांची गोडीच न्हाय बघा. वर्सातनं एकदा बांधलेला खंड घरी न्यायचा आणि एका बैठकीत उडवायचा. तुकड्या-तुकड्यानं वाचायचं म्हणजे रोज अर्धपोटी उठणं.”

परशरामानं झटकन मान वर केली. त्यानं जयाबाईंकडं पाहिलं. त्या त्याच्याकडंच पाहत होत्या.

“हवालदारसाहेब,” तो म्हणाला. आवाज ओठांच्या बाहेर येईना. “मला... मुखवटा...”

“काय करतोस आता मुखवटा?”

“त्याशिवाय बोलता येत न्हाय.”

कोणीतरी हसलं. जयाबाई उठल्या, मुखवटा उचलला आणि त्याच्या डोक्यावर चढवला. पिसांच्या आतून एक निराळाच, ठाम आवाज निघाला.

“चिंधी तांबडी आहे. म्हणजे मारणाऱ्यानं तांबडा शेला बांधला होता. घुबडरावाचा शेला हिरवा. हे कळतं कुठं? फक्त मुखपृष्ठावर, कारण आतली सगळी पानं काळी-पांढरी. शेठजींच्या खिशात मुखपृष्ठ आहे. रवळूभाऊंच्या हातानं ती सगळी फाटली आहेत. दोघांनाही हिरवा ठाऊक. ह्यांनी वेश शिवला असता तर हिरवाच शिवला असता.”

“मग?”

“स्टेजमागं उरलं कोण? जो फक्त बांधलेला खंड वाचतो तो. त्याच्या घुबडरावाला रंगच नाही. त्यानं शिंप्याला अंदाजानं तांबडं सांगितलं. आणि अंदाज इतका पक्का बसला होता, की सकाळी दाराशी माझीच चूक काढली.”

पान जुळवणारी बोटं थांबली.

“पोरा, चेष्टेत बोललो ते,” भावकूअण्णा म्हणाले. “एवढ्यावर माणूस गुन्हेगार ठरतोय व्हय?”

“नाही ठरत,” मुखवटा म्हणाला. “दरवर्षी चार-पाच घुबडराव येतात, मासिकात वाचलंय. त्यात एक जास्त खपून गेला असता. यंदा एकच आला, तेव्हा तुम्ही त्याला अंगणात पाठवलंत. कोणी पाहू नये म्हणून. पण त्यानंच तुमची वाट अडली. अंगणात मी, पुढं जयाबाई. झगा, मुखवटा, पानं, काहीच बाहेर नेता आलं नाही. ते सगळं अजून स्टेजमागं आहे. कार्यक्रम संपेपर्यंत दुसरं कोणी ज्यात हात घालणार नाही अशी जागा तिथं एकच.”

यल्लाप्पा क्षणभर घुटमळला. गावचा अध्यक्ष, आणि सांगणारा कोण तर गजाला बांधलेलं घुबड. तेवढ्यात जयाबाईच स्टेजमागं गेल्या आणि हारांची करंडी दोन्ही हातांनी ओढत बाहेर घेऊन आल्या. वर झेंडूचे हार. त्याखाली काळं कापड, चपटा झालेला मुखवटा, कोपरा फाटलेला तांबडा शेला. तळाशी बारा पानं.

यल्लाप्पानं शेवटचं पान उलटलं. धुरानं भरलेली चौकट, बंद दार आणि दाराच्या कडीवर हात ठेवून उभा असलेला माणूस. मिशी, कपाळावरचा व्रण, पान चघळणारा गाल.



“आधी झडती घ्यायची होती,” भावकू सावकाश म्हणाला. “झडती घेतल्याबिगर दार उघडायचं न्हाय, असा नेम होता. मी नेम पाळला. तवर ती आत पडली.” मग त्यानं परशरामाच्या कमरेकडं बघितलं. “हिरवा कुणाच्या ध्यानात येणार? सगळं काळंच दिसतंय त्यात.”

नागोजीशेठ खाली बघत होते. नेम त्यांचाच होता.

फौजदारांची जीप आली ती भावकूला घेऊन गेली. दवाखान्यातून निरोप आला, की चंद्रप्पांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न पानांचा केला. यल्लाप्पानं सुतळी कापली. मनगटावर लाल वळ उठला होता.

“जबाब लिहून घेतो,” तो ओशाळून म्हणाला. “पर ही केस बेळगावला चालंल. तुला पिंजऱ्यात उभं राहून हे सगळं परत सांगावं लागंल. वकील उलटसुलट इचारतील. आणि तिथं हे टोपडं चालायचं न्हाय.”

परशरामाला तो पिंजरा माहीत होता. तिथं भल्याभल्यांची बोबडी वळते, आणि ती बोबडी जशीच्या तशी टाइप करायची असते. आता नाही म्हटलं, तर करंडी कुणी कशी शोधली हे सांगायला जयाबाई एकट्या उरणार. भावकूचा वकील त्यांना पोळीसारखं लाटणार.

त्यानं मुखवटा काढला. चेहरा घामानं ओला, कान लालबुंद. समोर सत्तर माणसं.

“चालत न्हाय, ठाऊक हाय,” तो म्हणाला. “मी तिथलाच टायपिस्ट.” आवाज मध्येच फाटला. “तारीख कळवा. येतो.”

शेवटच्या बाकावरच्या दोन्ही राण्यांना ते ऐकू गेलं.