उजव्या मनगटातली नाडी

गळू फोडायचं, एवढंच काम. असहकारात शाळा सोडून मी संकेश्वरला घरीच बसलेलो, म्हणून आक्काला बैलगाडीतून निपाणीच्या दवाखान्यात न्यायचं माझ्यावर आलं. आत्या, रुक्माबाई, नको म्हटलं तरी गाडीत चढली.

आक्काचं खरं नाव मनुबाई. मेलेल्या आजीचं. सुनांनी सासूचं नाव घ्यायचं नाही म्हणून घरात सगळे तिला बाळाक्का म्हणत. खऱ्या नावानं हाक मारली तर म्हातारी ओ देईल, हे भय आत्यानंच आम्हाला घातलेलं.

डॉक्टरांनी बजावलं, "क्लोरोफॉर्म चढताना आवाज नको. अर्ध्या झोपेत दचकलं की काळीज वेडंवाकडं धावतं. थांबतंसुद्धा."

आत्या दाराशी बसली. आक्काचं डावं मनगट डॉक्टरांच्या बोटांत, उजवं माझ्या. कंपाउंडर नाकावरच्या फडक्यावर थेंब सोडत होता. काचेतून दुपारचं ऊन पिवळं, जाड होऊन उतरत होतं. गावातल्या वखारींतून येणाऱ्या तंबाखूच्या वासावर औषधाचा गोडसर वास पसरला, आणि मलाच वाटलं, आपण संथ पाण्यात खाली खाली चाललोय...

"नागोजी... हात सोडू नगंस रं..." आक्का फडक्याआडून म्हणाली.

"न्हाय सोडत."

"लई लांब गेलास..."

तिचे डोळे फिरले. आत्याला धीर कुठला? शुद्ध हरपणाऱ्याला नाव घेऊन माघारी बोलवायचं, एवढंच या थोरामोठ्यांचं ज्ञान. आणि घाबरून तोंडातून आलं ते खरं नाव.

"मनुबाई! ये गं माघारी!"

आक्का दचकली. बोटांखाली नाडी उधळली, गुंतली, नुसती थरथरली... आणि गेली.

डॉक्टरांनी फडकं भिरकावलं, छाती दाबायला लागले. "त्या बाईंना बाहेर काढा!"

आत्या हलली नाही. आणखी दोनदा तीच हाक.

"नाडी आली," डावं मनगट धरून डॉक्टर पुटपुटले. "ऐंशी. नीट आहे."

माझ्या बोटांत ऐंशी नव्हती. एक ठोका... लांब शांतता... मग एक. दमलेला, म्हातारा. डॉक्टरांनी उजवं मनगट धरलं, मग डावं, पुन्हा उजवं. 

"आणली का न्हाय माघारी?" आत्या म्हणाली. "तू इंग्रजी शिकून काय दिवं लावलंस?"

"कुणाकुणाला आणलंस, ते सांग."

तेव्हापासून आत्या माझ्याशी बोलत नाही. बरंच आहे.

गळू बरं झालं. काल आक्का माझ्याजवळ येऊन बसली, दोन्ही हात पुढे केले.

"आजी आता जाते म्हणतीया रं... पर एकटी न्हाय."

मी दोन्ही नाड्या धरल्या. आता डावीतही एक ठोका पडला. मग लांब शांतता...