देऊळफाट्याचा आरसा

बुलढाण्याहून साडेदहाला सुटणाऱ्या धाडच्या गाडीत त्या रविवारी एक माणूस आरसा घेऊन चढला. आरसा कपाटाच्या दाराचा होता, साडेतीन फूट उंच, जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेला. मागे तीन जागा रिकाम्या होत्या, तरी तो उभाच राहिला — आरशाला दोन्ही हातांनी कवेत धरून.

वाहक रेणुका तिकिटं काढत त्याच्यापर्यंत पोहोचली.

"कुठं?"

"देऊळफाटा."

"आन् हे?"

"हा पण तिथंच."

ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला मशीनकडे बघावं लागलं. लग्नाचं सामान आहे का, असं तिने विचारलं. नाही म्हणाला. मग दुकानाचं? तेही नाही. देवळात आरसा कशाला, हे विचारेपर्यंत फाटा आला. माणूस जपून उतरला, आरसा डोक्यावर घेतला आणि कच्च्या रस्त्याने चालू लागला. आरशाच्या उघड्या कोपऱ्यात आभाळाचा तुकडा हलत जाताना तिला दिसला... आणि ती डबल बेल द्यायला विसरली. चालक देवानंदने वळून पाहिलं, तेव्हा तिने दोरी ओढली.

दोन वर्षं ती या मार्गावर होती. दिवसातून चार वेळा ती 'देऊळफाटा' म्हणून ओरडायची, पण देऊळ तिने एकदाही पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून दिसायचं ते फक्त एक कडुनिंबाचं झाड आणि वाकलेली पाटी.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आरशासकट आला. गाडीत गर्दी होती. तिकीट देता देता एवढंच कळलं की त्याचं नाव प्रसेनजित, तो बुलढाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, गाव पिंपळगाव राजा. आरशाचं काय, तर म्हणाला, "आत लय अंधार हाय." एवढ्यात फाटा आला.

तिसऱ्या रविवारी आणखी एक वाक्य मिळालं. "छतावर कोरीव काम हाय. ते काढून राह्यलो मी... कागदावर."

"मंग बॅटरी न्या ना. आरसा काऊन?"

"ते पाहाल तवाच कळन." आणि पुन्हा फाटा.

देवानंदचं म्हणणं होतं, हा माणूस मुद्दाम एकेक वाक्य शिल्लक ठेवतो. रेणुका म्हणाली, तसं काही नाही. पण त्याच संध्याकाळी तिने डेपोत दुसरी वाहक काजल हिला गाठून तिची रविवारची सुट्टी मागितली आणि आपली बुधवारची तिला दिली. काजलने कारण विचारलं. देऊळ पाहायचं आहे, असं तिने सांगितलं. आणि ते खरंही होतं.

घरी आईलाही हेच सांगितलं. आईच्या, म्हणजे पंचफुलाबाईंच्या, घरात देवळात जायची रीत नव्हती. हात जोडायचे नाहीत, तर जायचं कशाला, असं त्या म्हणाल्या. "पाहाले," रेणुका म्हणाली. आईने डब्यात दोन भाकरी जास्त दिल्या.

चौथ्या रविवारी ती खाकीत नव्हती. मोरपंखी पंजाबी ड्रेसमधल्या रेणुकाला प्रसेनजितने आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा त्याचा एक हात आरशावरून सुटला आणि तिने आरसा वरच्या वर धरला.

"आज तिकीट कोण काढन?" त्याने विचारलं.

"आज मी पाशिंजर हाव. उतरन तिथं उतरन."

"म्हंजे कुठं?"

"आरसा उतरन तिथं."

फाट्यापासून देऊळ दीड किलोमीटर. काळ्या दगडाचं, ठेंगणं, पूर्वेकडे तोंड केलेलं. पुजारी तुळशीराम गुरव सत्तरीचे होते. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून ते डुलक्या घेत असत. आत गेल्यावर रेणुकाला आधी काहीच दिसलं नाही. मोबाईलची बॅटरी वर धरली, तर धुरकट दगडाचा एक तुकडा उजळला. एक कोपर, एक बांगडी, बस.

प्रसेनजितने समजावून सांगितलं. बॅटरीच्या उजेडात कोरीव काम सपाट दिसतं. ऊन बाजूने आलं की प्रत्येक रेषेला तिची सावली मिळते. फाट्यावरून चालत पोहोचेपर्यंत बारा वाजतात, आणि अंगणात ऊन असतं दीडपर्यंतच. त्यानंतर देवळाचीच सावली येते. म्हणून अंगणात आरसा ठेवायचा आणि दारातून ऊन छतावर टाकायचं. अडचण एकच. दर तीन मिनिटांनी ऊन सरकतं, आणि मग कागद ठेवून बाहेर पळायचं, आरसा विटांवर हलवायचा, परत आत पळायचं. छतात सोळा दगड होते. नुसत्या वेलबुट्टीचे अकरा झाले होते, माणसांच्या आकृत्यांचे पाच बाकी. महाशिवरात्रीच्या आधी गावकरी देवळाला ऑइल पेंट देणार होते. छत निळं, खांब गुलाबी.

"तुमी नाही म्हनत नाही त्यायले?" रेणुकाने विचारलं.

"एकदा म्हनलं. पन देऊळ त्यायचं, वर्गणी त्यायची. मी पाहुणा. रंग लागायच्या आत पाहून घ्याव म्हनलं."

तिने ओढणी डोक्यावर घेतली, अंगणात मांडी घातली आणि आरसा मांडीवर टेकवून धरला. दारातून त्याचा आवाज येऊ लागला. थोडं वर... अजून... डावीकडं — बस. गाडी मागे घेताना ती देवानंदला जसं सांगायची, तसंच तो तिला सांगत होता. तिने ते ओरडून त्याला सांगितलं. आतून हसणं ऐकू आलं आणि त्याच्या हातातला कागद फडफडला.

असे पाच रविवार ठरले. दर रविवारी एक दगड.

तो आत, ती बाहेर, मधे अंधारा दरवाजा. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे बोलणं सोपं होतं. सोनाळ्याच्या मामाकडच्या सुट्ट्या, परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा मिळालेली वाहकाची नोकरी, फुकट प्रवासावरून झालेली भांडणं, हे सगळं तिने त्या दाराशी बोलून टाकलं. तो काढता काढता सांगायचा: आज एक बाई पायातला काटा काढते आहे, आज एक मृदंगवाला, त्याचं नाक तुटलंय, तरी ऐटीत आहे. मग बाहेर येऊन कागद दाखवायचा. तिच्या उन्हाने लाल झालेल्या हातांकडे बघून पाण्याची बाटली पुढे करायचा. बोटं एकदा लागली. परतीच्या गाडीत दोघं खिडकीबाहेरच बघत होते, एकाच खिडकीबाहेर.

डेपोत काजलने विचारलं, अजून किती रविवार लागतील? रेणुकाने हिशोब केला. दोन. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, तिला तो आकडा नको होता. सोळावा दगड झाला की त्या माणसाला साडेदहाच्या गाडीत बसायचं काही कारण उरत नव्हतं. पुढे काय, हे तिला विचारता आलं असतं. दिवसाला दोनशे माणसांना ती विचारायची, कुठं जायचं. यालाच विचारता येत नव्हतं.

शेवटच्या रविवारी अंगणात रंगाचे डबे येऊन पडले होते आणि बांबू टेकवून ठेवले होते. प्रसेनजित त्या दिवशी आल्या आल्या कागद घेऊन आत गेला. पाऊण वाजायच्या आत तो बाहेर आला. सोळावा झाला, म्हणाला. इतक्या लवकर कोणताच दगड झाला नव्हता.

"आता तुमी आत जा," तो म्हणाला.

"मी?"

"पाच रविवार झाले. तुमी पाह्यलंच नाही."

"आरसा कोन धरत होतं मंग?"

"तेच. मले मागच्या रविवारी, गाडीत बसल्यावर कळलं." तो खाली बघत होता. "लय लाज वाटली. आज म्हनून घाई केली. पाऊन तास हाय अजून."

त्याने तिच्या हातातून आरसा घेतला. ती चपला काढून आत गेली. तुळशीराम गुरव उंबऱ्याशी डोळे मिटून बसले होते. अंधारात ती मधोमध उभी राहिली आणि वर पाहिलं.

दारातून ऊन आलं, जमिनीवरून खांबावर, खांबावरून छतावर. काटा काढणारी बाई उजळली. तिच्या टाचेचीसुद्धा सावली पडली होती. शेजारी मृदंगवाला. मग एका रांगेत नाचणाऱ्या सहा जणी, कमरेत वाकलेल्या, जणू आत्ताच कोणी हाक मारली म्हणून थबकलेल्या. कागदावर त्या तिने पाहिल्या होत्या. पण कागदावर त्यांना वजन नव्हतं. बाहेरचा माणूस तिने न सांगताच आरसा हळूहळू फिरवत होता, एक दगड, मग दुसरा, आणि प्रत्येकापाशी पुरेसं थांबत होता. मान दुखेपर्यंत ती बघत राहिली.

"रेणुका."

मॅडम नाही. पहिल्यांदाच नुसतं नाव.

"हं."

"चित्रं तर झाली."

"हाव."

"मले आता इकडं काही काम नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "पन मले रविवार पाहिजेत. आन् नुसते रविवारच नाही..."

छतावरचा उजेड थरथरू लागला. आधी थोडा, मग इतका की नाचणाऱ्या सहा जणींचे हात, पैंजण, वेण्या सगळं हलू लागलं. त्याचे हात कापत होते. हे तिला बाहेर न जाता दिसत होतं.

"तुमच्या आईले भेटाले येऊ का मी?" बाहेरून आवाज आला. "लग्नाचं बोलाले."

रेणुकाने तोंड उघडलं. भर बाजारच्या दिवशी गाडीच्या टोकापर्यंत पोहोचणारा तिचा आवाज, नेमका आज गळ्यातच राहिला. ती हो म्हणाली, पण ते तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

उजेड अजून थरथरत होता.

"ऐकू आलं नाही का रे मास्तर," डोळे न उघडता तुळशीराम गुरव दाराच्या दिशेने म्हणाले, "हो म्हनते ती."

छतावरचं ऊन एकदम घसरलं, भिंतीवरून दारापर्यंत गेलं आणि नाहीसं झालं. आत अंधार झाला. रेणुकाला काहीच दिसत नव्हतं. फक्त दगडी फरशीवरून पळत आत येणारी अनवाणी पावलं तिला ऐकू आली.