केबल ठरेना!

"अहो, दामटू नका! त्या तोंडात ती पिन नाही बसायची."

मी दचकून वर पाहिलं. शिडीवर कुणी अनोळखी तरुण, कानामागे पेन्सिल, आणि ओठांवर दाबलेलं हसू...

आत्याच्या नृत्यशाळेत व्हिडिओ दाखवायला नवा डिजिटल पडदा लागणार होता. केबल निवडायचं काम तिने माझ्या गळ्यात मारलं होतं. हा तिचा वायरिंगवाला.

"दोन्ही सारख्याच तर दिसतात," मी कुरकुरले.

तो खाली उतरला. "छे! ही एचडीएमआय. टीव्ही, प्रोजेक्टर, सगळ्यांशी हिचं जमतं. पण जरा ओढली की सुटते. आणि ही डिस्प्लेपोर्ट. हिला खटका असतो, दाबल्याशिवाय सोडत नाही."

"चिकटच म्हणायची!"

"एकनिष्ठ म्हणा की..."

मी उगाचच लाजले.

त्यानंतर माझं काही ठरेचना. कधी मी लांबीची शंका काढायचे, कधी टाइप-सीचं नवं खुसपट. तोही न कंटाळता पहिल्यापासून समजावायचा. शेवटी आत्या वैतागली, "अगं, वायर निवडतेयस की नवरा?"

तिला काय सांगणार? केबल ठरली की ती टाकून भिंतीतली खाच बुजणार, आणि हा दुसऱ्या गावच्या कामावर निघून जाणार. मला तो जायलाच नको होता.

पण गवंडी आलाच. "बोला ताई, कुठली टाकायची?"

मी पुन्हा दोन्ही केबल उलटसुलट करून पाहू लागले. तेवढ्यात वायरिंगवाल्यानेच पुढे होऊन भिंतीतल्या खाचेत एक रिकामा पाइप बसवला, आत दोरी सोडली. "कुठलीच नको. पुढे हवी ती केबल या दोरीने ओढून घ्या. बदलताही येईल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

तो दोरीशी चाळा करत राहिला. "पाइप तर आम्ही नेहमीच टाकतो... पण सांगितलं असतं, तर तुम्ही रोज विचारायला आला असता?"

म्हणजे हासुद्धा—! मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"मला तुम्ही आवडता," मी बोलून गेले. गवंडी घाईघाईने सिमेंट कालवू लागला.

"मलाही... केव्हापासून." त्याने हातातली दोरी सोडली. "उद्या निघायला हवं. शब्द दिलाय. पण काम संपलं की थेट इथेच येईन. तोवर फोन केला तर उचलाल?"

"करून बघा."

हाताच्या अंतरावर उभं राहून त्याने खरंच फोन लावला. मी उचलला.

"लवकर या," म्हणाले.