दोन कॅमेरे आणि लाल खाडी

"दहा? तुझ्या त्या धोंड्यात फक्त दहा मेगापिक्सेल?" जमुना खो खो हसत सुटली. "माझ्यात बारा हायत, बारा! आणि हा बघ, कुर्त्याच्या खिशात मावतो!"

"नुसत्या मेगापिक्सेलवर काही ठरत नसतं!" स्वरा फणकारली. "माझा खरा कॅमेरा आहे. डीएसएलआर! तुझं ते खेळणं आहे, खेळणं!"

"मग लाव पैज!"

"लावली!"

"मी पंच!" भाग्येश खाडीवरच्या मोरीच्या कठड्यावर उडी मारून बसला. "पण पंचाला रोज एक बर्फाचा गोळा मिळाला पाहिजे!"

स्वरा आणि तिचा धाकटा भाऊ भाग्येश बोईसरला राहत. त्यांचे पप्पा मूळचे सांगलीकडचे. पंधरा वर्षांपूर्वी इथल्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि इथलेच झाले. जमुना स्वराच्याच वर्गातली, जवळच्या समुद्रकाठच्या नवापूरची. तिचे बाबा बोटीवर जात आणि तिची आई, नर्मदामावशी, किनाऱ्यावर बोंबील वाळवी. मे महिन्याची सुट्टी लागल्यापासून पप्पा दोघा भावंडांना दुपारी स्कूटरवरून नवापूरला सोडत आणि संध्याकाळी न्यायला येत.

स्वराकडचा कॅमेरा पप्पांचा होता. स्वराचं बारसं झालं त्या वर्षी घेतलेला. रबर निघालेला, पण लांबलचक लेन्स असलेला आणि गळ्यात अडकवला की मान दुखवणारा. जमुनाचा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. तो तिच्या केतनमामाने जहाजावरून येताना आणलेला. शाळेने सुट्टीसाठी छायाचित्रांची स्पर्धा ठेवली होती. मोबाईलवर काढलेले फोटो चालणार नव्हते, म्हणून कपाटातले हे दोन जुने कॅमेरे बाहेर निघाले होते.

पैज अशी ठरली. रोज चार वाजता मोरीच्या कठड्यावरून खाडीचा एकच फोटो दोघींनी काढायचा. आठ दिवसांनी पप्पांच्या लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावून बघायचे. ज्याचे चांगले, तो कॅमेरा श्रेष्ठ!

आठवड्यानंतर तिघं लॅपटॉपसमोर डोकी घालून बसली. पप्पांनी जमुनाचं कार्ड लावलं. आधी केतनमामाने जहाजावर काढलेले शंभरेक फोटो सरकले, मग काही वेगळेच दिसले. एक म्हातारा, मांडीवर जाळं, आणि त्याचे हात. नुसते हातच हात.

"हा माझा आजा," जमुना म्हणाली. "पंढरी आजा. दिवाळीत गेला ना तो."

"हे सगळेच उतरवून ठेवू का लॅपटॉपवर?" पप्पांनी विचारलं.

"नंतर हो पप्पा!" स्वराला दम धरवेना. "आधी खाडीचे! पैजेचा निकाल लागू दे!"

पप्पांनी खाडीचेच फोटो उतरवले.

निकाल मात्र सरळ लागेना. भर उन्हात दोन्ही कॅमेरे तोडीस तोड! ढगाळ दिवशी जमुनाच्या फोटोत तिवरांच्या सावलीत दाणे दाणे दिसत. स्वराच्या फोटोत तिथलं पानन्‌पान कळे. पण उडत्या बगळ्याचा एक फोटो जमुनाकडेच होता, कारण त्या वेळी स्वराचा कॅमेरा अजून बॅगेतच होता.

"जमुना, तुझ्या कॅमेऱ्यात प्रकाश पकडणारा भाग नखाएवढा, हिच्या कॅमेऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा," पप्पा म्हणाले. "पण जो कॅमेरा हातात असतो, तोच कामाचा!"

"पण हे काय? मंगळवारी तुझ्या कॅमेऱ्याचे रंग बिघडलेत!" स्वरा ओरडली. "पाणी लालसर दिसतंय!"

"तुझेच बिघडलेत! बघ, तुझं पण लाल हाय!"

दोघी पडद्याकडे वाकल्या. दोन वेगळे कॅमेरे एकाच दिवशी एकसारखे कसे बिघडतील?

"शुक्रवारचं बघा!" भाग्येश पुढे सरकला. शुक्रवारीही पाणी लाल. बुधवारी नव्हतं, गुरुवारी नव्हतं. स्वराने मंगळवारचा फोटो मोठा केला. काठावर चिखलात पांढरे ठिपके दिसत होते. आणखी मोठा केला.

"बोय मासे हायत ते," जमुना हळूच म्हणाली. "मेलेले."

दुसऱ्या दिवशी तिघं सरपंच एकनाथकाकांकडे गेली. काका बाजेवर आडवे होते. "मे महिना हाय पोरांनो! पाणी तापतं, मासे मरतात. जा, खेळा जा."

"पाणी काय फक्त मंगळवारी आणि शुक्रवारीच तापतं?" भाग्येशने विचारलं. काकांनी कूस बदलली.

मग शुक्रवारची वाट बघण्यावाचून इलाज नव्हता!

शुक्रवारी दोन वाजता गाव जेवून आडवं झालेलं. तिघं मोरीपासून दूर, तिवरांच्या दाटीत दबा धरून बसली. अर्ध्या तासाने एक टँकर आला आणि खाडीकाठी पाठमोरा उभा राहिला. मदतनीस खाली उतरला, त्याने जाड पाईप ओढला. लालसर पाणी खाडीत भळाभळा पडू लागलं!

"काढ, काढ!" भाग्येश कुजबुजला.

जमुनाने आपला कॅमेरा काढला. त्याचा आवाजही होत नव्हता, पण पडद्यावर टँकर काडेपेटीएवढा दिसत होता. नंबर तर दिसतच नव्हता. तिने झूम केलं, एक फोटो निघाला आणि कॅमेऱ्याने डोळा मिटला. बॅटरी संपली.

"माझ्यात येईल!" स्वराने मोठा कॅमेरा सरसावला, बटण दाबलं, पण फोटो निघेना. कार्डच नव्हतं. त्या दिवशी फोटो बघताना ते लॅपटॉपमध्येच राहिलं होतं!

"हे घे." जमुनाने स्वतःचं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. "जपून हां. आज्याचे फोटो हायत त्यात."

स्वराने कार्ड घातलं. कॅमेऱ्याने सांगितलं, कार्ड भरलं आहे. समोर पाईपची धार बारीक होत चालली होती. एकेक फोटो शोधून पुसायचा म्हणजे वेळ जाणार. जमुना टँकरकडे बघत होती. स्वराने मेनू उघडला, फॉर्मॅटवर गेली. 'सर्व पुसायचं?' कॅमेऱ्याने विचारलं.

तिने 'हो' दाबलं.

पुढच्याच क्षणी लांब लेन्समधून सगळं कसं लख्ख दिसलं! नंबर, पाईप, लाल धार, मदतनिसाचा चेहरा. खटॅक! खटॅक! खटॅक! पण तेवढ्यात धार थांबली, सगळीकडे शांतता झाली, आणि त्या शांततेत चौथा 'खटॅक' टाळीसारखा वाजला.

"ए! कौन है उधर?" मदतनीस वळला. "फोटो निकाला क्या? रुक!"

"माझ्या मागं या!" जमुना उठली. "जिथं माझा पाय, तिथंच तुमचा पाय!"

ती वाटेकडे न वळता थेट खाडीच्या चिखलात शिरली! एक पाऊल तिवराच्या मुळावर, दुसरं शिंपल्यांच्या ढिगावर. स्वरा कॅमेरा छातीशी धरून तिच्या मागे, भाग्येश तिच्या मागे. मदतनीस सरळ धावत आला आणि पाचव्या पावलाला मांडीपर्यंत रुतला.

"अरे निकालो मुझे!"

"अंकल, चप्पल रह गई आपकी!" भाग्येश पलीकडून ओरडला.

"आये! टँकर अडवा! खाडीत विष टाकलं!" जमुना बोंब ठोकत वस्तीकडे धावली. वलांड्यांच्या बांबूंवर बोंबील वाळत टाकणाऱ्या नर्मदामावशीने टोपली खाली ठेवली. तिने आणि चार जणींनी हातगाड्या ओढून रस्त्यात आडव्या लावल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून गाव डोक्यावर घेतलं, पण एकही बाई हटली नाही.

एकनाथकाका बनियनवरच धावत आले. पोलीस आले, प्रदूषण खात्याचे अधिकारी आले. सगळा गाव लोटला. आणि स्वराला तर पंखच फुटले होते! तिने अडवलेल्या टँकरचे फोटो काढले, बायकांचे काढले, चिखलाने माखलेल्या मदतनिसाचे काढले, भाग्येश कंबरेवर हात ठेवून उभा राहिला त्याचे बारा काढले. पोलिसांच्या साहेबांनी कार्ड मागितलं तेव्हा त्यात एकशे साठ फोटो होते.

"शाबास!" साहेब म्हणाले. "नंबर, चेहरा, सगळं स्पष्ट आहे!"

जमुनाने स्वराचा दंड घट्ट धरला. "जिंकला गं तुझा धोंडा! मी हरले!"

तेव्हा स्वराला आठवलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या सांगू, तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जमुनाने कार्ड मागितलं. "पोलिसांकडे आहे," स्वरा म्हणाली. ते खरंच होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही खरंच होतं. चौथ्या दिवशी पोलिसांनी कार्ड पप्पांना परत दिलं, आणि त्या संध्याकाळी स्वराने पप्पांना सगळं सांगितलं. सांगताना तिला हुंदका आवरेना. पप्पा रागावले नाहीत. त्यांनी निमूट स्कूटर काढली.

बोईसरला स्टेशनजवळ दर्पणदादाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने कार्ड लावलं. "फॉर्मॅट केलं म्हणून फोटो लगेच जात नाहीत," तो म्हणाला. "त्यांच्यावर नवे फोटो चढले की मग जातात. नंतर किती काढलेस?"

"एकशे साठ."

दर्पणदादाने खुर्ची पुढे ओढली. दोन तासांनी त्याने आज्याच्या त्रेचाळीस फोटोंपैकी अकरा काढून दिले. त्यांतले तीन अर्धे राखाडी होते. "काढायचं थांबली असतीस तर बरेच मिळाले असते गं."

टँकर पकडायला चार फोटो पुरले होते. तेवढ्यासाठी चार फोटो पुसले असते तरी भागलं असतं. बाकीचे एकशे छप्पन्न कशासाठी काढले होते? स्वराला उत्तर माहीत होतं आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सत्कार होता. टँकरच्या ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला होता, टँकर जप्त झाला होता. एकनाथकाका स्वच्छ सदरा घालून उभे राहिले. "या पोरांनी सांगितलं तेव्हा मी कूस बदलून झोपलो," ते म्हणाले. "चूक झाली माझी. पोरं जागी राहिली म्हणून आपली खाडी वाचली! आणि या स्वराच्या कॅमेऱ्याने तर कमालच केली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या जमुना वाजवत होती.

स्वराला ते बघवेना. तिने हातातला नारळ टेबलावर ठेवला आणि माईक घेतला. "कार्ड जमुनाचं होतं," ती म्हणाली. "त्यात तिच्या आजोबांचे फोटो होते. तिने जपून वापर म्हणून सांगितलं होतं. मी तिला न विचारता सगळे पुसले. आणि हे तिला पाच दिवस सांगितलं नाही."

जमुनाचे हात टाळी वाजवता वाजवता हवेतच राहिले. मग ती उठून बाहेर गेली.

ती पायरीवर बसली होती. स्वराने अकरा फोटोंचं पाकीट तिच्या शेजारी ठेवलं. जमुनाने एकेक फोटो बघितला. रडली नाही.

"हे नुसते फोटो नव्हते," ती म्हणाली. "डोल जाळ्याच्या तोंडाला दोर जोडायची आज्याची एक गाठ होती. कशी मारायची, ते त्याने सावकाश करून दाखवलं. मी एकेक फोटो काढला. बाबांना पण पुरी येत नाय. तू विचारलं असतंस तर मीच चार फोटो पुसून दिले असते."

"मला माफ—"

"आता नको बोलूस."

नर्मदामावशी दारात येऊन उभी होती. तिने स्वराच्या डोक्यावर हात ठेवला. "खाडी वाचली, ते खरं हाय पोरी," ती म्हणाली. "आणि गेलं ते गेलं, ते पण खरं हाय. तू चारचौघांत बोललीस, ते बरं केलंस." मग ती जमुनाजवळ जाऊन बसली. स्वरा आणि भाग्येश पप्पांच्या स्कूटरवर बसून परत गेले.

आठ दिवस जमुनाचा निरोप नव्हता. नवव्या दिवशी तिच्या आईच्या मोबाईलवरून पप्पांना फोन आला.

"मुरबे गावात रामू आजोबा हायत, आज्याच्या बोटीवर होते," जमुना म्हणाली. "त्यांना ती गाठ येते म्हणतात. मी जाणार हाय. तुझा कॅमेरा घेऊन ये. हात जवळून दिसले पाहिजेत." मग म्हणाली, "राग गेलेला नाय माझा."

"येते," स्वरा म्हणाली.

रामू आजोबा ओटीवर जाळं पसरून बसले होते. स्वराने लॅपटॉपवर दोनदा रिकामं करून तपासलेलं स्वतःचं कार्ड कॅमेऱ्यात घातलं होतं आणि खिशात आणखी एक ठेवलं होतं. आजोबांनी दोर उचलला, एक वेढा घेतला, मग दुसरा. त्यांची बोटं जाड होती, आणि एक बोट वाकत नव्हतं.

जमुना गुडघे टेकून बघत राहिली. "गाठ तीच हाय," ती हळूच म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, "पण हात आज्याचे नाय."

आजोबांचे हात थांबले. स्वराचं बोट बटणावर होतं, पण तिने ते दाबलं नाही.

"काढू का?" तिने विचारलं.

जमुनाने मनगटाने डोळे पुसले. "काढ," ती म्हणाली. "आजोबा, पहिल्यापासून परत करा."

आजोबांनी गाठ सोडली.